मंगलाष्टकांचे सर्व हक्क स्वाधीन

माणसाच्या बुद्धीतून जे जन्मते ते त्याचेच असते, आणि त्याचे रक्षण करणे हे सुसंस्कृत राष्ट्राचे पहिले कर्तव्य आहे. अशा अर्थाचे काहीतरी मी अठ्ठावन्न साली एका दैनिकाच्या अग्रलेखात वाचले. देशाने स्वतःचा कॉपीराइटचा कायदा केला होता, इंग्रजांच्या वेळचा कायदा रद्द झाला होता आणि अग्रलेख लिहिणाऱ्याला त्याचा अभिमान वाटत होता. मलाही वाटला. मग मी अंक बाजूला ठेवला आणि समोर पडलेले मंगलाष्टकांचे प्रूफ तपासायला घेतले. त्या आठ श्लोकांत आमच्या छापखान्याने स्वतः घातलेले असे फक्त नवऱ्यामुलाचे नाव, नवरीचे नाव आणि व्याह्यांचे गाव होते, आणि तेही गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर लिहून दिले होते.

छापखाना जळगावात, नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत होता. मालकांना सगळे नाना म्हणत. मी तिथे प्रुफे तपासत असे, पत्रिकांचा मजकूर लिहून देत असे आणि गिऱ्हाइकाला जोडाक्षरांबद्दल काही विचारायचे झाले तर उत्तर देत असे. मी पुस्तके वाचतो हे नानांना ठाऊक होते. ते त्यांना एखाद्या किरकोळ व्यंगासारखे वाटे, आणि ते मला पंडित म्हणत. अक्षरे जुळवायला अमळनेरकडचे एक वयस्कर कंपॉझिटर होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. एवढाच संसार.

आमचे खरे काम लग्नसराईत चाले. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या घरी किंवा चोपड्याकडच्या कपाशीवाल्यांच्या घरी लग्न निघाले की दोन गोष्टी छापून हव्या असत. एक पत्रिका, आणि दुसरे मंगलाष्टकांचे गुलाबी पत्रक. भटजींची संस्कृत अष्टके आटोपली की घरातला एखादा बऱ्या गळ्याचा माणूस ही मराठी अष्टके म्हणे, आणि मांडवातले लोक हातातल्या पत्रकात आपल्या मामाचे नाव कितव्या श्लोकात आले आहे ते शोधत बसत. मामाचे नाव चुलत्याच्या आधी आले तर पुढची दोन वर्षे बोलणे बंद राही. म्हणून त्या कामात काळजी फार. बुद्धी मात्र लागत नसे.

कारण श्लोक तयार होते. नानांनी मंगलाष्टकांचे तीन फर्मे जुळवून कायमचे बांधून ठेवले होते. म्हणजे सगळी अक्षरे जागच्या जागी, सुतळीने आवळलेली, आणि फक्त नावांच्या जागा मोकळ्या. गिऱ्हाईक आले की आबा त्या मोकळ्या जागेत नवी नावे बसवत आणि कागद यंत्रावर चढे. पहिला फर्मा घाईतल्या लोकांसाठी, चार श्लोकांचा. दुसरा भाविकांसाठी. त्यात इतके देव होते की नवरा-नवरी शेवटच्या ओळीत कशीबशी मावत. तिसरा फर्मा खरोखर चांगला होता. पांझरा तापीला जाऊन मिळते तशी ही मुलगी परक्या घरी जाते, नाव बदलते पण पाणी तेच राहते, असा त्यात एक श्लोक होता. तो म्हणताना बायका डोळ्यांना पदर लावत. जळगावच्या गिऱ्हाइकांसाठी नानांनी पांझरेच्या जागी गिरणा घातली होती. वृत्त थोडे लंगडे झाले होते, पण मांडवात वृत्त कोण ऐकतो?

तिसरा फर्मा कुठून आला ते मला ठाऊक होते. मी यायच्या बऱ्याच आधी नाना धुळ्याला एका लग्नाला गेले होते आणि अक्षतांबरोबर वाटलेले पत्रक कोटाच्या खिशातून घेऊन आले होते. ते पत्रक अजून त्यांच्या टेबलाच्या खणात होते. हळदीचे बोट लागलेले, घडीवर फाटलेले. खाली बारीक टाइपात, रचणार म्हणून, धुळ्याच्या एका शाळामास्तरांचे नाव होते. आबांनी आठही श्लोक जुळवले आणि ती शेवटची ओळ वगळली. जागा पुरत नव्हती, असे नाना सांगत. यात चोरी आहे असे कोणालाही वाटले नव्हते. लग्नाची गाणी या गावातून त्या गावात सुनांबरोबर जातात, तशीच ही आली, एवढेच.

मग कायदा आला. ती वर्षेच तशी होती. आधी नवे पैसे आले, मग शेर जाऊन किलो येणार असे ऐकू येऊ लागले, आणि दर नव्या गोष्टीबरोबर आपण आजवर जे करत आलो त्यातले काय आता गुन्हा ठरणार, हा प्रश्न पेठेतल्या दुकानादुकानांतून विचारला जाई. आमच्याकडे एक वकीलसाहेब आपले लेटरहेड छापायला येत. नानांनी त्यांना चहा पाजून, सहज विचारल्यासारखे विचारले, की समजा एखाद्याने दुसऱ्याचे श्लोक छापले तर काय. वकीलसाहेब म्हणाले, शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय आता प्रत्येक रचनेला लेखक असतो आणि हक्क त्याचे असतात. दिल्लीला त्याची नोंदवहीसुद्धा उघडली आहे. एवढे बोलून त्यांनी चहा संपवला आणि आपल्या नावापुढच्या पदव्या जरा मोठ्या टाइपात घ्यायला सांगितल्या.

तिसऱ्या दिवशी नानांनी मला आणि आबांना बोलावले आणि आपला विचार सांगितला. प्रत्येक रचनेला लेखक हवा. आपल्या तिसऱ्या फर्म्याला लेखक नाही. म्हणजे आपण कायदा मोडतो आहोत. तेव्हा त्याला लेखक द्यायचा. स्वतः नाना लेखक होऊ शकत नव्हते, कारण त्यांचे मराठी साऱ्या पेठेला ठाऊक होते. आबांना सही करता येत होती, पण ते नको म्हणाले. राहिलो मी.

त्या दिवसापासून तिसऱ्या फर्म्याच्या तळाशी ठळक अक्षरांत माझे नाव आले आणि त्याखाली ओळ आली: सर्व हक्क स्वाधीन. चोरीचा माल असल्याची शंका येताच त्यावर स्वतःचे नाव-गाव घालणारे लोक आमच्याशिवाय दुसरीकडे असतील असे मला वाटत नाही. तोवर ती निनावी उचल होती. कायदा पाळण्याच्या नादात आम्ही तिच्यावर सही केली.

मी तेव्हाच नाही म्हणायला हवे होते. खणातले पत्रक मी पाहिले होते. पण छापलेले आपले नाव पहिल्यांदा पाहताना माणूस ज्या तऱ्हेने पाहतो, त्या तऱ्हेने मी ते पाहिले. गुलाबी कागदावर ते बरे दिसत होते. आबा मात्र ओल्या शाईवर फुंकर घालत म्हणाले, “मी ते निस्ता अक्षरं जोडस, भाऊ. खाले नाव तुनं शे.”

नानांना एवढ्याने चैन पडेना. त्यांनी वकीलसाहेबांच्या कारकुनाकडून फॉर्म मिळवला आणि नोंदणीचा अर्ज दिल्लीला पाठवला. त्यात ही रचना माझी आहे असे एका ठिकाणी लिहायचे होते. मी लिहिले आणि सही केली. अर्ज टपालात पडल्यावर चारच दिवसांनी वकीलसाहेब आपले लेटरहेड न्यायला आले. नाना अभिमानाने त्यांना अर्जाचे सांगू लागले. वकीलसाहेब खूश झाले आणि जाता जाता म्हणाले, की छान केले, फक्त मजकूर खरा असावा, कारण त्या वहीत खोटी नोंद करवणे हा वेगळा गुन्हा आहे. त्यालाही तितकीच शिक्षा आहे.

इथे माझ्या नोकरीचे सांगायला हवे. भुसावळच्या सरकारी कारखान्यात मी कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखत झाली होती, निवड झाल्याचे कळले होते. आता फक्त पोलीस पडताळणी राहिली होती. म्हणजे कोणीतरी शिपाई आमच्या गल्लीत येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, आणि मी कुठल्या गुन्ह्यात आहे का ते लिहून पाठवणार. छापखान्यात माणूस म्हातारा होतो, सरकारी कारखान्यात तो पेन्शनर होतो, एवढा फरक मला कळत होता. ती नोकरी मला फार हवी होती. आणि नेमक्या त्या महिन्यात मी एकाऐवजी दोन गुन्हे करून बसलो होतो. दोन्हींवर माझे नाव होते, एकावर ठळक टाइपात आणि दुसऱ्यावर माझ्याच अक्षरात.

त्याच आठवड्यात धुळ्याहून कार्ड आले. अक्षर वळणदार, शाळेच्या फळ्यावरचे. पुढल्या बुधवारी जळगावास येण्याचा योग आहे; आपल्या छापखान्यात छापलेल्या मंगलाष्टकांविषयी, त्यांच्या लेखकाशी समक्ष बोलावयाचे आहे. खाली नाव होते. खणातल्या पत्रकावर जे बारीक टाइपात होते, तेच.

कार्ड उघडेच असते. ते आधी टपालवाल्याने वाचले, मग आबांनी, मग नानांनी आणि शेवटी मी. नाना म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही. लगेच म्हणाले, बुधवारी मला एरंडोलला जावे लागेल. मी म्हणालो, तुम्ही गेलात तर मी त्या धुळ्याच्या गुरुजींना तुमच्या खणाची किल्ली देईन. त्यावर एरंडोलचे काम पुढे ढकलले गेले.

मी सुचवले की तिसरा फर्मा सोडून टाकू, अक्षरे सुटी करून परत खणांत टाकू, म्हणजे काही उरणारच नाही. नाना म्हणाले, आणि त्याची दहा लग्नांची ऑर्डर आहे ती? शिवाय जी पत्रके मांडवामांडवांतून वाटली गेली ती परत कोण गोळा करणार? हे खरे होते. त्या उन्हाळ्यात पूर्व खानदेशातली किती घरे माझ्या नावाचा पुरावा देव्हाऱ्यामागे जपून ठेवत असतील याची कल्पना करून मला घाम फुटे. तसाही तो मे महिन्यातल्या जळगावात फुटतोच. कोणाच्या लक्षात आले नाही.

मग मला वाटले, आपण खरेच आठ श्लोक रचावेत. म्हणजे गुरुजी आले की म्हणता येईल, हे पाहा, आम्ही तुमचे वापरणे बंद केले आहे, हे माझे. मी दोन दिवस बसलो. पहिल्या श्लोकात नदी आली. ती खोडून मी वेल घातली, तर ती वेल नदीसारखीच परक्या अंगणात जाऊन मिळू लागली. तिसऱ्या श्लोकात आई दारात उभी राहिली, आणि ती गुरुजींच्या चौथ्या श्लोकातली आई होती. इतकी वर्षे त्यांचेच श्लोक तपासून माझ्या कानाला दुसरी चालच राहिली नव्हती. आबांनी माझे कागद वाचले आणि म्हणाले, चांगले आहेत, पण हे जुळवायचे कशाला, जुळवलेले आहेतच की. मी विचारले, पोलीस आले तर तुम्हालाही नेतील, त्याचे काय? आबा अक्षर शोधण्यात गुंतले होते. वर न बघता म्हणाले, “पोलीस बठ्ठासले नही लई जातस. जेनं नाव, तोच जास.”

बुधवारी गुरुजी सकाळच्या एस.टी.ने आले. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत येणारी ती गाडी. अंगावर धूळ होती, पण टोपी स्वच्छ होती. ती बहुधा गाडीत पिशवीत ठेवून उतरल्यावर घातली असावी. सत्तरीच्या घरातला, बारीक, ताठ माणूस. दारात चपला काढून आत आले. छापखान्यात कोणी चपला काढत नसे. नानांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः कपाटाशी उभे राहून कागद मोजू लागले.

“ही मंगलाष्टके रचणारे आपणच का?” गुरुजींनी मला विचारले. हातात आमचे गुलाबी पत्रक होते. सर्व हक्क स्वाधीन या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती.

मी नानांकडे पाहिले. नाना कागद मोजत होते.

“हो,” मी म्हणालो.

गुरुजी बसले. छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांनी सावकाश सांगितले. त्यांच्या नातीचे लग्न जळगावातल्या मुलाशी ठरले होते आणि इथेच व्हायचे होते. मुलाकडच्या एका लग्नाचे हे पत्रक सुनेने आणून दाखवले. त्यांच्या घरी प्रत्येक लग्नात हीच मंगलाष्टके म्हणायची रीत होती.

“म्हणजे जवळजवळ हीच,” ते म्हणाले. “आमच्याकडे पांझरा आहे. आपल्याकडे गिरणा दिसते.”

“ठिकाणाप्रमाणे बदलावं लागतं,” नाना कपाटाकडे तोंड करून म्हणाले.

“बरोबर आहे. गिऱ्हाइकाची नदी घालायला हवी.”

हे टोचून बोलणे होते की सहज, ते मला तेव्हा कळले नाही. अजून कळलेले नाही. चेहरा परीक्षेच्या वेळी वर्गातून फिरणाऱ्या मास्तरांचा असतो तसा होता.

“ती मी रचली, असं माझं मत आहे,” गुरुजी पुढे म्हणाले. “बहिणीच्या लग्नात. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. त्या वेळचं पत्रक माझ्याकडे एकही उरलं नाही. आणि आपलं नाव छापलेलं आहे, हक्क स्वाधीन आहेत, दिल्लीला अर्ज गेल्याचंही ऐकलं.”

अर्जाची गोष्ट नानांनी पेठेत सगळ्यांना सांगितली होती.

“कायदा मी मिळवून वाचला. पेन्शनर माणूस आहे मी. उद्या कोणी म्हणालं की गुरुजींनी दुसऱ्याची कविता मांडवात लाउडस्पीकरवर म्हटली, तर या वयात ते नको. म्हणून परवानगी मागायला आलोय. लेखी.”

तेव्हा माझ्या लक्षात आले की हे भांडायला आलेलेच नाहीत. आठ दिवस मी त्यांना घाबरत होतो, आणि तितकेच दिवस ते मला घाबरत होते. त्यांना हवा होता तो पुरावा त्यांच्या गुडघ्यापासून दीड हातावर, नानांच्या खणात होता. मी हात पुढे केला असता तर त्यांची आयुष्यभराची शंका फिटली असती. आणि माझ्या विरुद्धचा एकमेव कागद त्यांच्या पिशवीत गेला असता.

नाना कपाटापासून वळले. “देऊन टाका, पंडित,” ते म्हणाले. “मोठ्या मनानं देऊन टाका.”

मी दिली.

म्हणजे मी कागद घेतला आणि लिहायला लागलो, पण पहिल्याच ओळीशी अडलो. मग गुरुजींनीच मजकूर सांगितला आणि मी उतरवून घेतला. माझ्या मंगलाष्टकांचा उपयोग त्यांच्या नातीच्या विवाहात करण्यास माझी हरकत नाही. ते थांबले, म्हणाले, तिच्या पाठच्या भावंडांचेही घाला. मी घातले. जरा विचार करून म्हणाले, पणतवंडांचे घालावे का? नाना म्हणाले, घाला की, आमचे काय जाते. मी पणतवंडे घातली आणि खाली सही केली. गुरुजींनी शाई वाळू दिली, एकवार वाचले, घडी केली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरले, म्हणाले, असे करू नका, आपण लेखक आहात. लग्नाला नक्की यायचे, असे दोनदा सांगून ते गेले.

ते गेल्यावर नानांनी खणातले पत्रक काढले आणि काडेपेटी शोधू लागले. काडेपेटी आबांकडे होती. आबा म्हणाले, हरवली. नानांनी पत्रक परत खणात टाकले.

मी लग्नाला गेलो. न जाण्यात जास्त धोका वाटला. भर दुपारचा मुहूर्त, मांडवात पंखे फक्त व्याह्यांच्या बाजूला. भटजींची अष्टके संपल्यावर गुरुजी स्वतः उठले, लाउडस्पीकर हातात घेतला, एकदा खाकरले आणि म्हणाले, “यापुढची मंगलाष्टके लेखकाच्या लेखी परवानगीने म्हणण्यात येत आहेत. लेखक स्वतः येथे उपस्थित आहेत.”

त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळा मांडव वळून माझ्याकडे पाहू लागला. शेजारच्या एका गृहस्थाने माझा हात हातात घेतला आणि अंतरपाट दूर होईपर्यंत सोडला नाही. मागे नानांचा एक नेहमीचा ग्राहक कोणाला तरी सांगत होता, की मी यांना ओळखतो, हे आमच्याच पेठेतले.

गुरुजी म्हणू लागले. आवाज थकलेला होता पण सूर पक्का होता. त्यांच्या हातात कागद नव्हता. आठही श्लोक त्यांनी समोर बघत, नातीकडे बघत म्हटले. नदीच्या श्लोकात पांझराच घेतली आणि वृत्त कुठेही लंगडले नाही. मी बरोबरीने पुटपुटत होतो, लेखकाने निदान ओठ तरी हलवायला हवेत म्हणून. मला चौथ्या श्लोकापासून पत्रक पाहावे लागले. जेवणानंतर पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात तशी मलाही दिली. फक्त माझी आधी दिली, मामाच्याही आधी, आणि मामा त्यावरून रुसले.

त्यानंतरचे दिवस मी मोजत काढले. पोलीस शिपाई गल्लीत येऊन गेल्याचे शेजारणीने सांगितले. काय विचारले ते तिला नीट सांगता आले नाही. तो सायकलवरून आला होता, पाणी प्यायला आणि माझ्याविषयी काहीतरी लिहून घेऊन गेला, एवढेच. काय लिहिले? ते मी तिला तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले. चौथ्या वेळी तिनेच मला विचारले, की तुम्ही काय केले आहे? मी विचारणे बंद केले. दिल्लीहून पाकीट आले त्या दिवशी नानांनी ते उघडायला माझ्याकडे दिले आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. अर्ज परत आला होता. सोबत जोडायच्या प्रती कमी भरल्या होत्या, त्या जोडून पुन्हा पाठवावा असे लिहिले होते. नानांनी तो पुन्हा पाठवला नाही. कायद्याचे पालन एकदा करून पाहिले, आता पुरे, असे ते म्हणाले.

पावसाळा संपता संपता भुसावळची नेमणूक आली. छापखाना सोडताना मी नानांकडे ते जुने पत्रक आठवण म्हणून मागितले. माझे मन हळवे आहे असे समजून त्यांनी दिले. ते मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला पाठवले असे लिहायला मला आवडले असते. मी ते नोकरीवर हजर होऊन, हजेरीपटावर नाव चढल्यावर आणि पहिल्या सहा महिन्यांत कोणी बोलावून घेतले नाही हे पाहिल्यावर, रजिस्टर टपालाने पाठवले. सोबत चार ओळी लिहिल्या: हे आपले पत्रक, श्लोक आपलेच, मला ते पहिल्यापासून माहीत होते, क्षमा असावी.

गुरुजींचे उत्तर कार्डावरच आले. पत्रक पोचले. बहिणीच्या हळदीचा डाग ओळखला. आपण दिलेली परवानगीही मी जपून ठेवली आहे. दोन्ही कागद एकाच पाकिटात आहेत.

याचा अर्थ काय, याचा मी बराच काळ विचार केला. दोन्ही कागद एकत्र वाचले तर कोणालाही सगळे कळले असते. चोरी कोणाची, खोटे कोणी लिहिले आणि सहीनिशी उदारपणा कोणी दाखवला. त्यांना तसे म्हणायचे होते का? की एवढेच, की ते नीट जपून ठेवणारे गृहस्थ होते? मी पुन्हा पत्र लिहिले नाही. धुळ्याहून काही आले नाही. कारखान्यात कोणी अनोळखी माणूस खाकी कपड्यांत दिसला की पुढली दोन वर्षे माझा हात टाइपरायटरवर थांबत असे.

ती भीती एका कंटाळवाण्या दुपारी गेली. आस्थापना शाखेतला एक मित्र जुन्या फायली लावत होता. त्याने माझी फाईल काढून गंमत म्हणून माझ्यापुढे टाकली. आत पोलीस पडताळणीचा कागद होता. राजकीय संबंध, नाही. गुन्हे, नाही. आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात, शिपायाच्या मोठ्या अक्षरात: सदर इसम लग्नाची मंगलाष्टके रचतो. त्यापासून कोणास उपद्रव नाही.